त्वचा आणि ताटातलं तेल-बी : किती खावं, कुठलं खावं, काय अपेक्षा ठेवावी

॥ श्री गुरवे नमः ॥



संक्रांत झाली. सयाजीगंजच्या तारांवर पतंगांचे दोरे अजून लटकताहेत, आणि घरोघरी तिळगुळाचे डबे तळाला गेलेत. बडोद्यात हा कोरड्या हवेचा काळ. ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात, पोटऱ्यांवर पांढरी रेघ ओढली तर तशीच राहते. म्हणून या वेळचा आरोग्याचा पाठ त्वचेवर घेतला आहे. पण पाठ सुरू करण्याआधी आम्हाला आपली माफी मागायची आहे.

*आधी आमची चूक*

मार्गशीर्षात आपल्या गटांमधून एक निरोप फिरला होता, आठवत असेल. रोज सकाळी अनशापोटी दोन चमचे जवस खा, एकवीस दिवसांत इसब मुळापासून जाईल, मलमं फेकून द्या, असा. तो आमच्यापैकी एकीकडे आला. घरगुती उपाय, खाली हात जोडलेले. तिला वाटलं यात वाईट काय आहे, आणि तिने तो पाच गटांत पुढे पाठवला. आम्ही बाकीच्यांनी वाचला आणि कुणीच काही बोललो नाही.

आपल्याच एका ताईंचा नातू चार वर्षांचा आहे. त्याला लहानपणापासून इसब आहे, कोपरांच्या आत आणि गुडघ्यांच्या मागे. डॉक्टरांचं मलम चालू होतं आणि पोर बऱ्यापैकी शांत झोपत होतं. ताईंनी निरोप वाचला, मलम बंद केलं आणि दुधातून जवसाची पूड द्यायला लागल्या. दहाव्या दिवशी त्याने रात्रभर खाजवून कातडी सोलून काढली. पिवळं पाणी यायला लागलं, ताप चढला. मग दवाखाना, अँटिबायोटिक आणि पुन्हा तेच मलम. आता तो बरा आहे, गुरुकृपा. पण सून बरेच दिवस सासूशी नीट बोलत नव्हती.

ताईंनी आम्हाला फोन केला तेव्हा त्या रागावलेल्या नव्हत्या. एवढंच म्हणाल्या, "तुमच्याकडून आला ना, म्हणून मी कुणाला विचारलंच नाही."

या वाक्याने आम्हाला झोप लागली नाही. गुरूंच्या नावाने चालणाऱ्या गटातून काही गेलं की लोक ते तपासत नाहीत, विश्वास ठेवतात. मग तपासायची जबाबदारी पाठवणाऱ्याची. म्हणून आम्ही तिघी बसलो. आमच्यातल्या दोघी इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या होम सायन्सच्या. हे विद्यापीठ १९४९ साली स्थापन झालं, हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू, आणि पुढच्याच वर्षी, १९५० मध्ये, होम सायन्सची शाखा सुरू झाली. आहारशास्त्र तिथेच शिकलो, पण नंतर संसारात पुस्तकं माळ्यावर गेली होती. ती खाली काढली, ओळखीच्या त्वचारोगतज्ज्ञांना प्रश्न विचारले, आणि जे समजलं ते इथे मांडतो आहोत.

सगळ्याचं सार आधीच सांगतो. *त्वचेला आहारातलं तेल आणि बिया लागतात, हे खरं आहे. पण ते त्वचेचं अन्न आहे, औषध नाही.* आता एकेक मुद्दा पाहू.

*१. त्वचा म्हणजे विटा आणि चुना*

दांडियाबाजार, रावपुऱ्याकडच्या जुन्या वाड्यांच्या भिंती पाहिल्यात ना? विटा मजबूत असतात, पण पाऊस अडवतो तो मधला चुना. चुना झडला की विटा शाबूत असूनही भिंत पाझरते.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर असाच आहे. मेलेल्या, चपट्या पेशी म्हणजे विटा. त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थांचा लेप असतो, तो चुना. हा लेप मुख्यतः तीन गोष्टींचा बनतो: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि स्निग्धाम्लं. हो, तेच कोलेस्टेरॉल, ज्याचं नाव काढलं की आपण घाबरतो. त्वचेत त्याचं काम चांगलं आहे, आणि ते शरीर स्वतःच बनवतं.

लेप चांगला असेल तर आतलं पाणी आत राहतं आणि बाहेरचे जंतू, साबण, धूळ बाहेर राहतात. लेप विरळ झाला की पाणी उडून जातं, त्वचा कोरडी पडते, खाज येते.

आता महत्त्वाचं. या लेपातल्या काही खास सेरामाइडमध्ये लिनोलिक आम्ल नावाचं एक स्निग्धाम्ल लागतं. ते शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते ताटातूनच यावं लागतं. असं दुसरं म्हणजे अल्फा-लिनोलेनिक आम्ल. पहिलं ओमेगा-६ घराण्यातलं, दुसरं ओमेगा-३ घराण्यातलं. ही दोन्ही मुख्यतः बियांमध्ये आणि बियांच्या तेलांत असतात. झाडाने आपल्या पिल्लासाठी बांधून दिलेली शिदोरीच म्हणा.

*२. हे कळलं कसं?*

१९२९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज बर आणि मिल्ड्रेड बर या पतीपत्नींनी उंदरांना असं खाणं दिलं ज्यात स्निग्धांश जवळजवळ शून्य होता. बाकी सगळं होतं, जीवनसत्त्वंसुद्धा. त्या काळी बहुतेकांचा समज असा की तेल-तूप म्हणजे नुसती उष्णता, तेवढी पिठा-साखरेतूनही मिळते.

पण उंदरांच्या शेपट्या खवल्यांसारख्या झाल्या, केस गळले, कोंडा पडू लागला, वाढ खुंटली. ते पाणी खूप पीत, पण लघवी त्या मानाने वाढत नसे. ते पाणी गळक्या त्वचेतून उडून जात होतं, हे नंतर उलगडलं. मग थोडंसं लिनोलिक आम्ल मिळताच ते सुधारले. नुसती संपृक्त स्निग्धाम्लं, म्हणजे तुपासारख्या थिजणाऱ्या स्निग्धात जी जास्त असतात ती, देऊन मात्र उपयोग झाला नाही. त्या दोघांनी अशा स्निग्धाम्लांना 'आवश्यक' हे नाव दिलं.

माणसांत? तान्ह्या बाळांना स्निग्धांश काढलेल्या दुधावर ठेवलं तर त्वचा कोरडी, जाड, सोललेली होते आणि लिनोलिक आम्ल दिल्यावर सुधारते, हे हॅन्सन नावाच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवलं. आपल्या देशातही मुलांच्या कोपर-गुडघ्यांवर बेडकाच्या पाठीसारखी खरखरीत पुरळ दिसते. डॉक्टर तिला फ्रिनोडर्मा म्हणतात. तिचा संबंध आवश्यक स्निग्धाम्लं आणि ब जीवनसत्त्वं यांच्या कमतरतेशी जोडला गेला आहे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत त्यावर काम झालं आहे.

पण दुसरी बाजूही ऐका. बर यांच्याच एका सहकाऱ्याने स्वतः सहा महिने जवळजवळ बिनतेलाचं खाल्लं, आणि त्याच्या त्वचेला काही झालं नाही. १९३८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. धडधाकट मोठ्या माणसाच्या अंगात साठा असतो, तो बरेच दिवस पुरतो. धोका असतो तान्ह्यांना, खूप अशक्त झालेल्यांना, पोटाच्या आजाराने अन्न अंगी न लागणाऱ्यांना, आणि वर्षानुवर्षं अगदी थोडं खाणाऱ्यांना.

*३. आपल्या एका काकूंची गोष्ट*

वर्षानुवर्षं थोडं खाणारे म्हटल्यावर आम्हाला आपल्या एक काकू आठवल्या. सत्तरीच्या जवळ, एकट्या राहतात. त्यांची परवानगी घेऊनच लिहितो आहोत. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी "तेल कमी करा" म्हटलं, काकूंनी बंदच केलं. त्यांच्या मनाने ते साधनेचंही अंग झालं. दोन वेळा मऊ भात, वरण, उकडलेली भाजी आणि वर चमचाभर तूप, कारण तूप सात्त्विक. शेंगदाणे नाहीत, तीळ नाहीत, चटणी नाही. सत्संगात त्या पोटऱ्या खाजवत बसायच्या. एकदा पदर सरला तेव्हा दंडाची कातडी उन्हाळ्यातल्या तळ्यासारखी दिसली.

आता वरचा उंदरांचा प्रयोग आठवा. तूप चांगलं आहे, त्यात अ जीवनसत्त्व आहे, चव आहे. पण लिनोलिक आम्ल त्यात फार थोडं, शंभरात साधारण दोन-तीन भाग. खोबरेल तेलाचंही तसंच. म्हणजे तेल सोडून फक्त तुपावर राहिलं तर स्निग्ध मिळतं, पण चुना कालवायला जे हवं ते फार कमी मिळतं.

आम्ही काकूंना आधी डॉक्टरांकडे नेलं. हे मुद्दाम सांगतो. कारण कोरडी त्वचा आणि खाज थायरॉइड मंद झाल्यावर येते, मधुमेहात येते, मूत्रपिंडाच्या आजारातही येते. रक्त तपासलं तर काकूंचं थायरॉइड थोडं कमी निघालं. गोळी सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, तेल कमी करा म्हणजे तीन-चार चमचे घ्या, शून्य नव्हे. कढत पाण्याची अंघोळ बंद, कोमट पाणी, आणि अंग ओलसर असतानाच मलम लावायचं. आम्ही ताटात कारळ्याची चटणी आणि फोडणीची कोशिंबीर परत आणली.

तीन महिन्यांनी काकूंची खाज खूप कमी झाली. श्रेय गोळीचं, मलमाचं, कोमट पाण्याचं की चटणीचं? आम्हाला सांगता येणार नाही, आणि कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणून "काकूंची त्वचा कारळ्याच्या चटणीने बरी झाली" असा निरोप कृपया करू नका. काकूंनीच बजावलं आहे.

*४. कुठल्या बीमध्ये काय?*

आपल्या स्वयंपाकघरातल्याच गोष्टी घेऊ. फक्त नावं आजीच्या तोंडची.

• *करडई* : तिच्या पारंपरिक वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल. महाराष्ट्रातून आलेल्या आपल्या घरांत एके काळी हेच तेल असे.

• *कारळे* : यातही लिनोलिक आम्ल भरपूर. दिसायला काळे, चवीला खमंग. चटणी हीच त्याची खरी जागा.

• *तीळ* : वजनाच्या जवळजवळ निम्मा स्निग्धांश. त्यात ओमेगा-६ आणि ऑलिक आम्ल साधारण सारखं. न सोललेल्या तिळात कॅल्शियमही चांगलं. आपला तिळगूळ आणि इथलं कचरियुं, दोन्ही याचेच. घाणीत तीळ आणि गूळ एकत्र वाटून, सुंठ-गंठोडा घालून कचरियुं करतात. हिवाळ्यात ते खावं, पण वाटीने नव्हे, चमच्याने.

• *शेंगदाणा* : सिंगतेलात लिनोलिक आम्ल साधारण एक तृतीयांशापर्यंत. ओमेगा-३ जवळजवळ नाही.

• *कपासिया आणि सूर्यफूल तेल* : ओमेगा-६ भरपूर, ओमेगा-३ नाहीच म्हणा.

• *जवस, म्हणजे इथली अळशी* : आपण शाकाहारी मंडळी मासे खात नाही, तेव्हा ओमेगा-३ साठी हीच आपली मोठी ठेव. तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल. माशातलं ओमेगा-३ आणि हे मात्र एकच नाही. शरीर याचं माशातल्या प्रकारात रूपांतर अगदी थोडंच करू शकतं.

• *मोहरी, अक्रोड, सब्जा, घोळाची भाजी* : यांतूनही ओमेगा-३ मिळतं. सब्जा आणि चिया एकच नाहीत बरं का. सब्जा तुळशीच्या जातीचा, आपला फालुद्यातला. चिया परदेशी. सब्जा असताना चियासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

• *भोपळ्याच्या बिया* : यांत जस्त असतं. जस्ताची मोठी कमतरता झाली तर तोंडाभोवती, हातांवर चट्टे येतात. भोपळा चिरताना बिया फेकू नका, धुऊन वाळवा, भाजा.

• *बदाम, सूर्यफुलाच्या बिया* : ई जीवनसत्त्व. तेही स्निग्धातच राहतं आणि स्निग्धांश खराब होऊ नये म्हणून राखण करतं.

आणखी एक. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या यांतून त्वचेला लागणारं अ जीवनसत्त्व तयार होतं, पण ते रंगद्रव्य शोषायला सोबत तेल लागतं. २००४ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या विद्यापीठात एक छोटा प्रयोग झाला. कच्च्या भाज्या बिनतेलाच्या खाल्ल्या तेव्हा ही रंगद्रव्यं रक्तात जवळजवळ पोचलीच नाहीत, तेलाबरोबर खाल्ल्यावर पोचली. आपल्या आज्या गाजराच्या कोशिंबिरीवर हिंग-मोहरीची चमचाभर फोडणी ओतायच्या, दाण्याचं कूट घालायच्या. त्यांनी शोधनिबंध वाचला नव्हता, पण ताट बरोबर वाढलं होतं.

*५. वाढवायचं नाही, बदलायचं*

आता कुणी म्हणेल, मग भरपूर तेल खाऊ या! थांबा. काकूंसारखी घरं थोडी. बाकीच्या आपल्या बहुतेक घरांत तेल कमी नाहीच, उलट जास्त आहे. सकाळी फाफडा, दुपारी सेव-उसळ, संध्याकाळी लीलो चेवडो. ओमेगा-६ तर त्यातून ओसंडतं. कमी पडतं ते ओमेगा-३. म्हणजे आपलं काम तेल वाढवण्याचं नाही, जागा बदलण्याचं आहे. एक मूठ फरसाण कमी, एक चमचा चटणी जास्त.

प्रमाण किती? राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, रोज दोन हजार उष्मांक लागणाऱ्या माणसाच्या ताटात तेल-तूप मिळून २७ ग्रॅम आणि सुकामेवा-तेलबिया ३५ ग्रॅम धरल्या आहेत. २७ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे. फोडणी, पोळीवरचं तूप, तळण, सगळं त्यातच.

घरचा हिशेब सोपा आहे. आपल्याकडे पंधरा किलोचा डबा घेण्याची पद्धत आहे. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चार माणसांना रोज १०८ ग्रॅम. या मापाने डबा साधारण साडेचार महिने पुरायला हवा. तुमचा डबा अडीच महिन्यांत संपत असेल तर माणशी रोज ५० ग्रॅम होतात, आणि त्यात तूप आणि बाहेरचं फरसाण धरलेलंच नाही! आमच्यापैकी एकीने डबा उघडल्याची तारीख झाकणावर लिहिली. तीन महिन्यांत खडखडाट. पाठ लिहिणाऱ्यांच्या घरी ही गत, तेव्हा कुणी लाजू नका, फक्त तारीख लिहा.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवू नका. वारंवार तापवून ते बिघडतं, आणि त्यातली आवश्यक स्निग्धाम्लंच आधी खराब होतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून तळणीच्या तेलासाठी बिघाडाची मर्यादा घालून दिली आहे, ती ओलांडलेलं तेल दुकानदाराने वापरायचं नाही. घरी आपण सोपा नियम ठेवू: पुऱ्या झाल्या, तेल गाळलं, दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवलं.

*६. किती अपेक्षा ठेवावी?*

जर्मनीत निरोगी स्त्रियांवर दोन छोट्या चाचण्या झाल्या. २००९ च्या चाचणीत ४५ जणी होत्या, २०११ च्या चाचणीत २६. बारा आठवडे रोज थोडं जवसाचं तेल घेतल्यावर त्वचेतून उडणारं पाणी कमी झालं, खरखरीतपणा कमी झाला. दुसऱ्या चाचणीत निम्म्या जणींना करडईचं तेल दिलं होतं. त्यांनाही थोडा फायदा झाला, पण कमी आणि उशिरा. ज्यांच्या जेवणात ओमेगा-६ आधीच पुरेसं असतं त्यांना आणखी ओमेगा-६ देऊन काय मिळणार? पण लक्षात घ्या, चाचण्या छोट्या, बाया निरोगी, आणि लागले बारा आठवडे. त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात, वय झालं की जास्त. एकवीस दिवसांत मुळापासून काही जात नाही.

आणि इसब? प्रिमरोझ नावाच्या फुलझाडाच्या बियांचं तेल इसबावर रामबाण म्हणून जगभर खपलं. अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१३ साली निष्कर्ष आला की पोटात घेतलेल्या या तेलाचा इसबावर खोट्या गोळीपेक्षा जास्त उपयोग दिसत नाही. इसब हा नुसत्या आहाराच्या कमतरतेचा आजार नाही. त्यात घराण्याचा वारसा आहे, शरीराच्या संरक्षण-यंत्रणेची चूक आहे. तिथे बी पुरत नाही, मलम लागतं.

*७. जवसाची चटणी, आणि काही सांभाळून*

एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा. पाव वाटी तीळ वेगळे भाजा. चार-पाच सुक्या मिरच्या, चमचाभर जिरं, थोडा आमचूर, मीठ. लसूण खाणारे लसूण घालोत, न खाणारे कढीपत्ता. पूर्ण गार झाल्यावर भरड वाटा. आठवड्यापुरतीच करा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत गार जागी ठेवा. वाटलेला जवस लवकर खवट होतो. खवट वास आला तर सरळ टाकून द्या, "वाया जातं" म्हणून खाऊ नका.

जवस वाटूनच खावा, अख्खा बऱ्याचदा तसाच बाहेर पडतो. मुखवासातला अख्खा जवस म्हणूनच नीट चावा. मोठ्या माणसाला दिवसाला एक पोह्याचा चमचा पूड पुष्कळ आहे. वर पाणी भरपूर प्या.

सांभाळायचं असं:
• तीळ, शेंगदाणे, बदाम यांची अॅलर्जी असू शकते. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले तर बंद करा. श्वास लागला तर तडक दवाखाना.
• लहान मुलांना अख्खे दाणे, बिया देऊ नका, घशात अडकतात. पूड किंवा वाटण द्या.
• रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, पोट किंवा आतड्याचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर रोजचा जवस सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.
• थायरॉइडची गोळी आणि जवस एकत्र घेऊ नका. गोळी अनशापोटी, जवस जेवणात.
• *चालू मलम किंवा गोळी कुणाच्याही निरोपावरून बंद करू नका. आमच्याही नाही.*

*नेहमी येणारे दोन प्रश्न*

_तेलकट खाल्लं की मुरुम येतात का?_ खाल्लेलं तेल सरळ चेहऱ्यावर येत नाही. चेहऱ्याचं तेल त्वचेतल्या ग्रंथी बनवतात आणि वयात येताना हार्मोन त्यांना जोर देतात. आहाराचा संबंध दिसतो तो तेलापेक्षा साखर-मैद्याशी जास्त. मुलींनी मुरुमांच्या भीतीने तेल-दाणे बंद करू नयेत.

_मग अंगाला तेल लावावं की खावं?_ दोन्हींचं काम वेगळं. लावलेलं तेल वरून पाणी अडवतं, खाल्लेलं आतून चुना पुरवतं. पण इसब असलेल्या बाळाला कुठलं तेल लावायचं हे डॉक्टरांनाच विचारा, कारण सगळी तेलं सारखी नाहीत.

*घरच्या गटात बसून बोलायला*

१. आपल्या घरात कुणी भीतीने किंवा व्रत म्हणून तेल-दाणे पूर्ण बंद केलेत का? एकटं राहणारं, थोडंसं खाणारं कुणी आहे का? त्यांना या आठवड्यात भेटा, ताट पाहा.
२. आपल्या डब्यावर आजची तारीख लिहा. संपेल त्या दिवशी आम्हाला कळवा, ओरडणार नाही.
३. गेल्या महिन्यात आपण आरोग्याचा कुठला निरोप न तपासता पुढे पाठवला? तो कुणाकुणाला गेला, आठवा. चुकीचा असेल तर त्यांना तसं सांगा.

तिसऱ्या प्रश्नाचं आमचं उत्तर हा पाठ. ज्या पाच गटांत तो निरोप गेला होता, त्या पाचही गटांत हा जातो आहे. यापुढे आरोग्याचं काहीही पाठवण्याआधी आम्ही ते आपल्या सत्संगातल्या दोन डॉक्टरांना दाखवू, असं ठरवलं आहे. उशीर होईल, चालेल.

गीतेच्या सहाव्या अध्यायात खाण्या-वागण्याला योग्य माप असावं असं भगवंत सांगतात. काकूंनी तेल शून्य केलं, आमच्याकडे डबा तीन महिन्यांत संपला. माप दोघींचंही चुकलं होतं. निरोपालाही माप असतं, ते आम्ही आता शिकतो आहोत.

त्या नातवाची आजी परवा सत्संगाला आली. सून बरोबर होती, आणि तो मधे बसून तिळाचा लाडू खात होता. कोपराला मलम लावलेलं होतं.

जय गुरुदेव 🙏
आपल्या सेविका भगिनी, सयाजीगंज